आमचे जीवनध्येय, उधारीसह

माझ्या जीवनध्येयाच्या पहिल्या खर्ड्यात ‘मानवजात’ हा शब्द आला होता. वाशीसारख्या गावात खत-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्याचा मानवजातीशी संबंध साधारण जून महिन्यात येतो आणि तोही उधारीपुरता. पण एकदा लिहायला बसलं की माझा हात आवरत नाही.

हे खूळ पुण्याहून आलं. पोराच्या कंपनीत सगळ्यांकडून ‘पर्सनल मिशन स्टेटमेंट’ लिहून घेतलं. आपण कशासाठी जगतो ते एका वाक्यात सांगायचं. पोरगा फोनवर म्हणाला, “पप्पा, तुम्ही लिहाच. तुम्ही तर लेखक.” एका दिवाळी अंकात माझं नाव छापून आल्यापासून घरात मला लेखक म्हणतात. बायको म्हणते तेव्हा बहुतेक पोती उतरवायची राहिलेली असतात. पोरगा मात्र मनापासून म्हणाला, असं मी धरून चाललो.

त्यानं एका ऑनलाइन वर्गात माझं नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंनी प्रेमानं विचारलं, “सर, वाशीत कुठल्या सेक्टरला राहता?”

“तेरखेड्याकडं.”

बाईंनी समजल्यासारखी मान हलवली. नवी मुंबईतला एखादा नवा सेक्टर असेल, असं त्यांना वाटलं असावं. तेरखेड्यात फटाके तयार होतात आणि आमच्या वाशीला रेल्वे स्टेशनच नाही, हे सांगून मी वर्गातली आपली प्रतिष्ठा कमी केली नाही.

या सगळ्याच्या मागं स्टीफन कव्ही या अमेरिकन लेखकाचं 1989 सालचं पुस्तक आहे. त्यात त्यांनी यशस्वी माणसाच्या 7 सवयी सांगितल्यात. दुसरी सवय अशी, की शेवट डोळ्यांपुढं ठेवून सुरुवात करायची. त्यासाठी आपल्याच मातीला आपण गेलोय अशी कल्पना करायची. तिथं चार जण बोलणार : एक घरातला, एक मित्र, एक कामधंद्यातला आणि एक समाजातला. त्यांनी आपल्याबद्दल काय बोलावं असं वाटतं, ते लिहून काढायचं. त्यातून जीवनध्येय सापडतं.

कव्हीसाहेब आमच्याकडच्या मातीला कधी आले नसणार. इथं सरण रचून झालं की कोणीतरी ‘दोन शब्द’ बोलायला पुढं होतोच, आणि ते दोन शब्द सगळ्यांना सारखेच मिळतात. मयत माणूस मनमिळाऊ असतो, हसतमुख असतो आणि कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण करून जातो. सख्ख्या भावाशी बांधावरून जन्मभर कोर्टात भांडलेला गृहस्थही आमच्या स्मशानात मनमिळाऊ झालेला मी या कानांनी ऐकलाय. भाऊ शेजारीच उभा होता. तोही मान डोलावत होता. वक्त्याला पुढं दुसऱ्या गावच्या मातीला गाठायचं असतं, उन्हानं डोकी तापलेली असतात, मागून ‘आवरा’ असा आवाज येतो. एवढ्या घाईत कोणाचं जीवनध्येय सांगणार?

तरीही मी चारही भाषणं लिहिली. मित्राचं भाषण इतकं जमलं की माझेच डोळे भरून आले. पंचाईत चौथ्याची झाली. समाजातली प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून ज्यांचं नाव घातलं, त्यांच्याकडं माझी गेल्या खरिपाची बाकी आहे. मी गेल्यावर ते बोलतील ते अगदी हलक्या मनानं बोलतील, यात शंका नाही.

आमच्या भागात ध्येय जाहीर करायची रीत नाही, असं कोणी समजू नये. नगरपंचायत झाल्यापासून तर चौकाचौकात आहे. ज्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावाआधी ‘भावी’ लिहिलेलं आहे, त्याला वर्ग लावायची गरज नाही. भावी नगरसेवक, भावी नगराध्यक्ष. वर गॉगल, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. ट्रॉलीच्या फळीवर ‘येडाईची कृपा’ लिहिणारा तर त्याहून सरस. केलं कोणी आणि कोणाच्या जोरावर, दोन्ही एका ओळीत मिटवून तो बाजाराला निघून जातो.

आता तेरला जाऊन येऊ. (मी तेरचं नाव काढलं की बायको उठून आत जाते. वाचकांनी तसं करू नये.) तेर आमच्याच जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं. एकेकाळी त्याला तगर म्हणत आणि तिथला माल पार रोमपर्यंत जाई. पण मला त्या व्यापारापेक्षा गोरोबाकाकांच्या अंगणातली ती सभा जास्त दिसते. ज्ञानेश्वर, निवृत्तीनाथ, सोपान, मुक्ताई, नामदेव असे सगळे बसलेले. मुक्ताईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते पाहायला. मग पोर म्हणाली, ही बसलीत ती मडकी पाहा बरं. काका उठले आणि एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. काकांनी तिथल्या तिथं निकाल दिला : हे कच्चं.

मला या गोष्टीत नामदेवांची बाजू फार पटते. जेवायला बोलावून डोक्यात लाकूड घालायचं, आणि वर पाहुणा ओरडला म्हणून त्यालाच नापास करायचं! मी त्या रांगेत असतो तर काका दोन डोकी पलीकडं असतानाच बोंब मारली असती. पण माणूस म्हणून नामदेव मोठे. ते रुसले आणि पंढरपूरला गेले, तिथून औंढ्याला विसोबा खेचरांकडं जाऊन त्यांनी गुरू केला. आमच्या ऑनलाइन वर्गात कच्चं कोणीच निघालं नाही. सगळ्यांना नक्षीदार प्रमाणपत्र मिळालं. माझ्या प्रमाणपत्रावर नावाच्या पुढं ‘वाशी, नवी मुंबई’ छापलंय.

आई गोरोबांची दुसरीही गोष्ट सांगायची. माती तुडवताना ते नामस्मरणात इतके रंगले की रांगतं लेकरू पायाखाली आलेलं त्यांना कळलं नाही. पुढं विठ्ठलानं ते परत दिलं, असं सांगून कीर्तनकार अभंगाकडं वळतो. आई तिथं थांबायची. म्हणायची, “दिलं परत. पण मधी त्या माउलीनं काय केलं असंल रे?” एकाच गोष्टीत जीव लावून बसलेल्या माणसाचं मला तेव्हापासून भय वाटतं. गोरोबा संत होते, त्यांचं निभावलं.

वर्गातलं एक वाक्य मात्र मला अजून टोचतं. पडद्यावर डोंगरमाथ्यावर हात पसरून उभ्या माणसाचं चित्र होतं आणि खाली ‘तुमचं भविष्य तुमच्याच हातात आहे’. त्या दिवशी सकाळी एकजण बियाण्याची दुसरी बॅग उधार घेऊन गेला होता. पहिली पेरणी पावसानं दडी मारल्यामुळं वाया गेली. दुबार पेरणी झाली, पीक उभं राहिलं, आणि 2025 च्या सप्टेंबरात पाण्यानं जिल्ह्यातली कितीतरी शेतं मातीसकट खरवडून नेली. सरकारनं त्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल ठरवला होता. भिजलेल्या मालाला तो कोण देतो? या माणसाला हात पसरून डोंगरावर उभं करायचं आणि भविष्य दाखवायचं, याचा मला राग येतो. तो ध्येयाशिवाय जगतोय असं ज्याला वाटतं, त्यानं त्याच्याबरोबर एक खरीप काढून पाहावा.

वाक्य काही जमेना म्हणून कोरे कागद शोधायला माडीवर गेलो तर आप्पांच्या जुन्या वह्या हाती आल्या. आप्पांचं किराण्याचं दुकान होतं. 1972 च्या दुष्काळातली वही उघडली. लोक खडी फोडायच्या कामावर, पोरांना सुकडी, घरात मिलोच्या लाल भाकरी, असा तो काळ. लाल पुठ्ठा, बाइंडिंग सुटलेलं, शाई तपकिरी पडलेली. नाव, तेल, मीठ, चहापत्ती, आकडा. आणि काही नावांपुढं समासात बारीक अक्षरात ‘मागू नये’. कारण कुठंच नाही. एका पानावर तर सगळ्याच नावांपुढं तेच, आणि शेवटी कंटाळून नुसता कंस केलेला. आप्पा मनमिळाऊ नव्हते. गिऱ्हाईकावर खेकसायचे. त्यांच्या मातीला भाषणं झाली ती नेहमीचीच झाली, वहीचा विषय कोणाच्या तोंडी आला नाही.

मी ताबडतोब खाली आलो. मानवजात खोडली, चार भाषणं फाडली आणि कोऱ्या कागदावर झोकदार अक्षरात लिहिलं : ‘मागू नये.’ खाली सही ठोकली, तारीख टाकली. फ्रेम करून गल्ल्याच्या मागं लावावी, असंही मनात येऊन गेलं.

बायकोनं विचारलं, “काय लिवायलाव?”

मी कागद दाखवला. तिनं वाचला, परत दिला. म्हणाली, “आप्पांचं दुकान का बसलं, ते आज कळलं.”

तिचं खरं आहे. माझ्या वहीच्या समासात होलसेलवाल्याचा फोन नंबर असतो, आणि तो दर सोमवारी मागतो. त्यामुळं फ्रेम केली नाही. पोराला कळवलं की विचार चालू आहे. तो म्हणाला, कंपनीनं तो विषय कधीच बंद केला, आता सगळ्यांना योगा आहे.

तेव्हा वाशी, तेरखेडा, पारगाव भागातल्या वाचकांना विनंती, की आडतीवर सोयाबीनची पट्टी झाली असेल तर एकदा दुकानाकडं येऊन जावं. ज्यांची झाली नसेल त्यांनीही यावं, चहा मिळेल. फक्त रोखीचं गिऱ्हाईक समोर उभं असताना येऊ नये.