राउटिंग निवडू इच्छिणाऱ्या खानदेशी होतकरूंस

जळगावी वा धुळ्यास बसून जो कोणी केळीचे दैनंदिन भाव दाखवणारे वेब ॲप्लिकेशन उभारण्याचा संकल्प करील, त्याने रंगसंगती, बोधचिन्ह आणि उद्घाटनास पाचारण करावयाचे पुढारी या गौण बाबींचा निकाल लावण्यापूर्वी, कोणत्या पत्त्यावर आलेल्या ग्राहकास कोणते पान दाखवावे याची, म्हणजेच राउटिंगची, तजवीज करावी; कारण रंग रातोरात पालटता येतो, परंतु सावद्याच्या व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवरून गावोगाव धाडलेली लिंक परत बोलावता येत नाही.

आळशी प्रकृतीच्या मनुष्यास हॅशचा मार्ग विशेष मानवतो. पत्त्यातील त्या चिन्हापुढचा मजकूर ब्राउझर सर्व्हरकडे पाठवीतच नाही, त्यामुळे सर्व्हरास कशाचीच खबर नसते आणि स्वस्तातल्या होस्टिंगवरही कारभार निर्वेध चालतो. पत्ता कुरूप दिसतो, एवढेच.

ज्यांस सौंदर्यदृष्टी आहे त्यांनी हिस्टरी एपीआयचा अवलंब करावा. प्रात्यक्षिकाच्या समयी सर्व काही दिव्य भासते, आणि मग एखादा चौकस गृहस्थ रिफ्रेश दाबतो, तेव्हा तो सुंदर पत्ता प्रथमच सर्व्हरपुढे रुजू होऊन 404 चा शेरा घेऊन परततो. यावर इलाज असा की, अनोळखी असा कोणताही पत्ता येवो, त्यास मूळ पानाकडे रवाना करावे, असा सरसकट हुकूम सर्व्हरास द्यावा. जळगावाहून आगगाडीने धुळ्यास निघालेल्या प्रवाशासही आधी चाळीसगाव गाठूनच गाडी बदलावी लागते. मात्र या हुकुमानंतर अस्तित्वातच नसलेल्या तालुक्याचा भाव विचारणाऱ्यासही 200 चा सलाम मिळतो, ही गोष्ट उद्घाटनाच्या भाषणात सांगू नये.

फोल्डरच्या नावांवरून मार्ग आपोआप घडवणारी नेक्स्ट.जेएससारखी सोयही आहे. पण मग नावे जपून ठेवावीत, आणि पत्त्यात जिल्हा घालण्याचा मोह खानदेशात जन्मलेल्याने तरी आवरावा. 1905 साली कोणा दूरदर्शी पुरुषाने 'खानदेश/नंदुरबार' असा मार्ग आखला असता, तर 1906 च्या विभाजनाने तो 'पश्चिम-खानदेश/नंदुरबार' झाला असता, पुढे 'धुळे/नंदुरबार', आणि 1 जुलै 1998 रोजी स्वतंत्र जिल्हा होताच 'नंदुरबार/नंदुरबार'. दरम्यान पूर्वेकडे एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, आणि 1990 साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने 2018 साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण केले, ते निराळेच. सबब तालुक्यास कधीही न बदलणारा क्रमांक द्यावा आणि नाव केवळ शोभेपुरते मागे लावावे. नाव बदललेच, तर जुना पत्ता न पुसता त्यावर 301 चा कायमचा शेरा मारावा, आणि तोही थेट अखेरच्या पत्त्याकडे. प्रत्येक जुन्या पत्त्याने पुढच्या जुन्या पत्त्याकडे बोट दाखवावे हा सरकारी कचेरीचा रिवाज येथे उपयोगाचा नाही.

एवढे करूनही डोमेनचे वार्षिक शुल्क भरावेच लागते. ते ज्या भाच्याच्या ईमेलवर नोंदले आहे, तो पुण्यास नोकरीवर रुजू होण्यापूर्वी त्याच्याकडून पासवर्ड लिहून घ्यावा.