मुर्रीकरांसाठी नागपूर पाहणी-दौऱ्याचे नियम

गोंदिया जिल्ह्यातल्या मुर्रीचा माणूस नागपूरला जातो तो दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, नाहीतर लग्नाचा बस्ता घ्यायला. तिन्ही ठिकाणी गरज त्याची असते, त्यामुळे ऑटोवाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्याला दमात घेतात. यावर उपाय एकच. नागपुरात चौथं काम काढावं, ते म्हणजे छोटी संग्रहालयं पाहणं. आणि तिथे पाहुणा म्हणून न जाता ठेव तपासायला आलेला मालक म्हणून जावं. मोठं शहर हे शेवटी आसपासच्या गावांचं सामान ठेवायचं कोठार असतं. कोठारात शिरताना कोणी दबकत नाही. वस्तू जागेवर आहे का, वाळवी लागली का, एवढंच बघतो.

पुरावा हवा असेल तर 1870 सालात जावं लागेल. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया गावी गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खणल्यावर तांब्याच्या 424 वस्तू निघाल्या, वजन सुमारे पावणेचारशे किलो, आणि सोबत चांदीचे 102 पातळ पत्रे. तांब्यात चपट्या कुऱ्हाडी आणि पहारीसारख्या लांब पट्ट्या. चांदीत काही नुसत्या गोल चकत्या, तर काही चक्क शिंगांसकट बैलाच्या तोंडाच्या आकाराच्या. वय तीन हजार वर्षांच्या वर. तेव्हा मध्य प्रांताची राजधानी नागपूर, म्हणून यातला काही माल तिथल्या 1863 च्या संग्रहालयात गेला. आता कोणी म्हणेल, बालाघाट तर मध्य प्रदेशात, आपला काय संबंध? पण राज्याची ही सीमा 1956 ची. गोंदिया जिल्हा तर त्याहून तरणा, 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा निघालेला. कुऱ्हाडी पुरणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि सोयरिकी जुळवणारे आजही ही सीमा मनावर घेत नाहीत.

दौरा रोवणी आटोपल्यावर आखावा आणि सोमवार टाळावा, कारण सोमवारी कोठाराला कुलूप असतं. गोंदियाहून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. नागपूर स्टेशनवरून मेट्रोने सीताबर्डीला यावं, तिथे मार्गिका बदलून झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरावं. ऑटो केल्यास या 1863 च्या संग्रहालयाचं ‘मध्यवर्ती संग्रहालय’ हे सरकारी नाव उच्चारू नये. ‘अजब बंगला’ म्हणावं, म्हणजे ऑटोवाला आपल्याला नवखा समजत नाही आणि भाव निम्म्यावरून सुरू होतो. आत गेल्यावर पेंढा भरलेल्या जनावरांपुढे पोरांना उभं करून फोटो काढायची घाई करू नये. आधी पाट्या वाचाव्यात, आणि पाटीवरही राजाच्या नावाआधी गावाचं नाव शोधावं. राजे कोणाचेही असतात, गाव मात्र कोणाच्या तरी मामाचं निघतं.

दुसरा थांबा मोतीबागचा, नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, 2002 पासूनचं. कस्तुरचंद पार्कहून मेट्रोने गड्डीगोदाम आणि मग कडबी चौक, बस्स. इथे आक्षेप जरा जड आहे. ज्यांनी गोंदियाहून छोट्या लाईनीने प्रवास करत डोळ्यांत कोळशाची कसपटं घेतली, त्यांनी तीच गाडी तिकीट काढून उभी बघायची? बघावी. अडीच फूट रुंदीची ती लाईन जबलपूरकडे 2015 पर्यंतच टिकली. घरातल्या लहानग्यांना ‘छोटी लाईन’ हा शब्द मोबाईलच्या गेमसारखा वाटतो. डब्यापाशी उभं राहून बाकांमधलं अंतर दाखवावं आणि एवढ्या जागेत टोपल्या, कोंबड्या आणि वऱ्हाड कसं मावायचं ते सांगावं. हे सांगणारं माणूस कोणत्याही संग्रहालयाच्या यादीवर नाही, ते मुर्रीहूनच सोबत न्यावं लागतं.

सगळ्यात तिखट आक्षेप असा, की माल आपला असेल तर तो गावातच का नको? खरं सांगायचं तर एवढं तांबं गावात राहतं तर पहिल्याच लग्नसराईत त्याचे गुंड-हंडे झाले असते. कोठाराचाही भरवसा नाही, हेही मान्य. घारापुरीचा दगडी हत्ती इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला, म्हणून तो आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर, राणीच्या बागेत उभा आहे. गुंगेरियाच्या तांब्याचं नशीब तसं फुटलं नाही. त्यातला काही भाग सुखरूप लंडनला पोचला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. भायखळ्याची पाहणी विदर्भ एक्स्प्रेसने उरकता येते, फक्त तिथली सुट्टी बुधवारी. लंडनसाठी पासपोर्ट, व्हिसा आणि दोन हंगामांचं धान लागेल, तेव्हा तूर्त अजब बंगल्यातल्या कुऱ्हाडी तेवढ्या मोजून वहीत टिपून आणाव्यात.