बंदीचा वाढदिवस

२०१३ च्या आसपासची गोष्ट. जळगावला सिनेमा बघायला गेलो होतो. सिनेमाची कथा आमच्या भडगावचा स्टँड येईपर्यंतच विसरलो, पण सिनेमाच्या आधीचा अर्ध्या मिनिटाचा कार्यक्रम अजून डोक्यातून जात नाही. पडद्यावर दवाखान्यातला एक पोरगा आला आणि त्यानं स्वतःचं नाव सांगायच्या आत मागच्या रांगेनं ते सांगून टाकलं, "मुकेश!" पुढचं वाक्य पुढच्या रांगेनं उचललं. आरतीत शेवटच्या कडव्याला सगळ्यांचा सूर लागतो, तसा अख्ख्या थिएटरचा सूर लागला. कुणी शिट्टी मारली. पोरगा सांगत होता, मी फक्त एक वर्ष गुटखा खाल्ला. माझ्या शेजारचा गडी हे ऐकून हसत होता, पण तोंडात माल असल्यामुळे त्याला मोकळेपणी हसता येईना. मान छताकडे, ओठ घट्ट मिटलेले, एक हात गालाला, आणि पोट नुसतं गदगदतंय.

बरोबर आमचे आप्पा होते. त्यांना म्हटलं, "आप्पा, हा पोरगा आपल्या भुसावळचा."

"काय सांगतो भो!" आप्पा सरळ होऊन बसले. "माले वाटनं, मुंबईना ॲक्टर शे."

आप्पांचं काही चुकलं नाही. आपल्याकडचं कुणी पडद्यावर दिसत नाही, हा खान्देशाचा जुना अनुभव. शेवटी एक जण देशभरातल्या थिएटरांत पोचला, भाषांच्या सीमा ओलांडून पोचला, तर तो मेल्यावर. २००९ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात तो गेला तेव्हा त्याचं वय २४ होतं. २ ऑक्टोबर २०१२ पासून, म्हणजे गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, तंबाखू दिसणाऱ्या सिनेमांच्या सुरुवातीला आणि मध्यात असा इशारा दाखवणं सक्तीचं झालं. लोकांनी दचकावं, एवढीच सरकारची साधी अपेक्षा. दचकला फक्त अमेरिकन दिग्दर्शक वुडी ॲलन. पडद्यावर मध्येच इशारे येणार म्हटल्यावर त्यानं २०१३ मध्ये आपला 'ब्लू जास्मिन' भारतात लावूच दिला नाही. आपण एवढे हळवे नाही. आपण मुकेशची नक्कल केली, त्याचे विनोद केले, मोबाइल हुशार झाले तशी त्याची स्टिकरं केली. सरकारनं पुढे चित्रफिती बदलल्या, पण लोकांनी मुकेशला सोडलं नाही. आजही ग्रुपवर कुणी सिगरेटचा फोटो टाकला की पाचव्या सेकंदाला भुसावळचा पोरगा हजर.

तेव्हा महाराष्ट्राला काळा विनोद पचत नाही, असं कुणी म्हणू नये. पचतो. फक्त तो आपण केलेला हवा.

दुसऱ्यानं केला की मात्र आपल्याला धक्का बसतो. २ फेब्रुवारी २०२४ आठवा. पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेली, अशी बातमी तिच्याच इन्स्टाग्रामवरून आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानटपरी आहे. तिथं सकाळी जे उभे असतात त्यांतल्या कुणी तिचा एकही सिनेमा पाहिला नव्हता, पण हळहळ सगळ्यांनी केली. "काय वय होतं!" "पैसा काय कामाचा!" "आज आहे, उद्या नाही!" हे शेवटचं वाक्य उलटं निघालं. दुसऱ्या दिवशी बाई व्हिडिओतून हसतमुखानं सांगू लागल्या, मी जिवंत आहे, हे सगळं जनजागृतीसाठी होतं.

आप्पांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "जित्ती शे? मंग काल कसाले मरेल व्हती?"

याच्यावर जाहिरातशास्त्राकडे उत्तर नाही. सबंध देश चिडला. आमचा आवाजही वरपर्यंत गेला. नाशिक विभागाचे पदवीधर आमदार सत्यजित तांबे, म्हणजे भडगावच्या पदवीधरांचेही आमदार, यांनी मुंबई पोलिसांकडे कारवाईची मागणी केली. मोहीम करणाऱ्या जाहिरात संस्थेनं माफी मागितली. सगळं रीतसर झालं. एकच गोष्ट राहिली. आदल्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की ९ ते १४ वर्षांच्या मुलींना याच कर्करोगाची लस देण्याला सरकार प्रोत्साहन देईल. ती बाई मेली की जिवंत, यावर आमच्या टपरीनं दोन दिवस काथ्याकूट केला. त्या टपरीवर उभ्या असणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी त्या वयाच्या पोरी आहेत. लस कुठं मिळते, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. जनजागृती म्हणायची तर झालीच. आम्ही सगळे दोन दिवस जागेच होतो.

आपल्या धक्क्याची एक पद्धत ठरलेली आहे. २०१३ मध्ये फोर्डच्या छोट्या गाडीची डिकी किती ऐसपैस आहे हे दाखवायला एका भारतीय जाहिरात संस्थेतल्या हुशार मंडळींनी त्या डिकीत हातपाय बांधलेल्या बायका कोंबल्या आणि पुढं इटलीच्या बर्लुस्कोनींना बसवलं. दिल्लीतल्या बसमधल्या सामूहिक बलात्काराला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. गहजब झाला, माफी झाली. २०१४ मध्ये गादी किती उसळी देते हे सांगायला मलालाला गोळी लागून ती गादीवर पडते आणि उसळून थेट पुरस्कारापर्यंत पोचते, असं चित्र आलं. पुन्हा गहजब, पुन्हा माफी. धक्का, संताप, माफी. दहाव्यापर्यंतसुद्धा जात नाही, तिसऱ्या दिवशीच सगळं आटोपतं.

आणि ज्याचा धक्का बसायला हवा, तो काळा विनोद भरचौकात उभा असतो.

माझी स्वतःची दीक्षा आमच्या फ्लेक्सवाल्याकडे झाली. त्याच्या दुकानात एकदा बसलो होतो. काँप्युटरवर एका दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उघडलेला. गॉगल, हात जोडलेले, खाली टिकल्यांसारखे तीस-चाळीस चेहरे. त्यानं गॉगलवाला फोटो तसाच ठेवला, मागचे फुगे काढले, समई लावली, 'शुभेच्छुक' हा शब्द निवडून पुसला आणि तिथं 'शोकाकुल' टाइप केलं. खालचे चेहरे तेच, त्याच क्रमानं, त्याच हास्यासह.

"दादा गेले?" मी घाबरून विचारलं.

"नाही हो, त्यांचे चुलते. पण फाइल तीच चालते. वर फोटो बदलायचा. खालची माणसं बदलत नाहीत."

हे वाक्य पंचवीस व्यवस्थापन महाविद्यालयांत शिकवण्यासारखं आहे. वर फोटो बदलतो, खालची माणसं बदलत नाहीत. पानमसाल्याच्या जाहिरातीचंही नेमकं तेच आहे.

२०१६ मध्ये साक्षात जेम्स बाँड, पियर्स ब्रॉस्नन, हातात पिस्तुलाऐवजी पानमसाल्याचा डबा घेऊन वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला. पुढं म्हणाला, फसवणूक झाली, मला वाटलं तोंडाला सुवास येण्याचं काहीतरी आहे. आमच्या गल्लीत बायकोच्या हाती खिशातली पुडी लागली की प्रत्येक जण शब्दशः हेच सांगतो. फक्त त्यांना त्याचे डॉलर मिळत नाहीत. २०२१ मध्ये अमिताभ बच्चन अशाच एका जाहिरातीतून बाहेर पडल्याचं त्यांच्या वाढदिवशी जाहीर झालं. ही छुपी जाहिरात असते हे ठाऊक नव्हतं, असा खुलासा आला. २०२२ च्या एप्रिलमध्ये अक्षय कुमारनं चाहत्यांची माफी मागितली. त्याची जाहिरात वेलचीची होती. आणि थिएटरात मुकेशच्या जागी पुढं आलेल्या चित्रफितींतल्या एकीत सिगरेट सोड असं सांगणारा कोण? हाच. आत सोड म्हणायचा, बाहेर वेलची घे म्हणायचा. बिचारी वेलची! लाडवात पडते, बासुंदीत पडते, तिथं तिला कुणी हिरो दिला नाही. जाहिरात करायची म्हटली की नेमकी तिचीच.

आता वेलची कशी खातात ते जवळून बघा. टपरीवर गिऱ्हाईक येतं. तोंड उघडत नाही, दोन बोटं दाखवतं. टपरीवाला फळीखाली हात घालून दोन पुड्या काढतो, एक मसाल्याची आणि एक तंबाखूची. कायद्यानं दोन्ही एकाच पुडीत आले की तो गुटखा, म्हणून कारखान्यानं त्यांचा घटस्फोट केला. गिऱ्हाईक पाच सेकंदांत पुन्हा लग्न लावतं. तंबाखूच्या पुडीवर २०१६ पासून ८५ टक्के जागेत सडलेल्या तोंडाचा फोटो आणि इशारा असतो. गिऱ्हाईक पुडी फाडतं बरोबर त्या तोंडाच्या मधून. एक पुडी दुसरीत ओततं, टोक चिमटीत धरून तीन वेळा हलवतं, मान मागे टाकतं आणि रिकामी करतं. फोटोचे दोन तुकडे गटारीत. त्याआधी, २००९ साली, पुडीवर विंचू छापला होता. भीती वाटावी म्हणून. आमच्या आप्पांना ती विंचू छाप तंबाखू वाटली होती आणि चुना जरा जास्त लागतो, एवढंच त्यांनी तिच्याविषयी मत दिलं.

हे सगळं कुठं चालतं? जिथं गुटखा आणि पानमसाला दोन्हींवर जुलै २०१२ पासून बंदी आहे, त्या महाराष्ट्रात. बंदी एकेका वर्षाची असते आणि दरसाल नव्यानं निघते, मोटारसायकलच्या विम्यासारखी. माल मध्य प्रदेशाच्या बाजूनं आला, गाडी पकडली, ही बातमी आमच्या जिल्हा पानावर केळीच्या भावाइतकी नेमानं येते. मजा अशी की मध्य प्रदेशानं गुटख्यावर बंदी आपल्याही आधी घातली, त्याच वर्षी. म्हणजे बंदी असलेल्या राज्यातून निघालेला बंदी असलेला माल बंदी असलेल्या राज्यात येतो आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत मिळतात. पूनम पांडे एक दिवस मेली आणि दुसऱ्या दिवशी उठली. आमची बंदी रोज मरते आणि दर वर्षी कागदावर उठते. हिच्यावर कारवाईची मागणी कुणी केलेली नाही. माफी मागायची तर कुणी कुणाची, हेच ठरत नाही.

तेव्हा मी ठरवलं, आपणच काहीतरी करू. जुलैत फ्लेक्सवाल्याकडे गेलो. म्हटलं, एक वाढदिवसाचा फ्लेक्स करायचाय. मजकूर लिहून दिला: 'आमच्या सर्वांची लाडकी, तडफदार, अजातशत्रू गुटखाबंदी हिस वाढदिवसानिमित्त कोटी कोटी शुभेच्छा. शुभेच्छुक: समस्त टपरीधारक व गिऱ्हाईक मित्रमंडळ.'

त्यानं गंभीरपणे वाचलं, 'अजातशत्रू'चं शुद्धलेखन विचारून घेतलं. "खाली चेहरे कुणाचे?"

"तेच. बदलू नको."

"आणि वर मोठा फोटो? वाढदिवसाला फोटो लागतोच."

मी जरा थांबलो. मग म्हटलं, "भुसावळचा एक पोरगा आहे. वय चोवीस. सिनेमात यायचा."

त्यानं माउसवरचा हात उचलला. माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच धंद्याच्या आवाजात न बोलता खाली वाकून म्हणाला, "मुकेश? त्याचा नको टाकू भाऊ. लोक हसतील."