चींऽऽ

गेले दोन महिने आमची गाडी सोसायटीच्या फाटकाशी ‘चींऽऽ’ करून ओरडत होती. तळमजल्यावरच्या आजींना ते मांजर वाटायचं. हिला मात्र तो आधण ठेवायचा इशारा झाला होता. मी गाडी लावून तीन जिने चढेपर्यंत चहा कपात. अशा आवाजावर संशय कोण घेईल?

पण ती गाडीची रीतसर तक्रार होती. बऱ्याच ब्रेकपॅडना पत्र्याची एक छोटी जीभ लावलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला, की ती डिस्कला घासून बोंबलते. गॅरेजवाल्याने मजुरी सांगितली तेव्हा मीही जवळपास तोच सूर लावला आणि म्हणालो, “घरीच करतो.”

ब्रेकच्या बाबतीत मी अगदीच नवशिका नव्हे. साताऱ्यात तासाच्या भाड्याने सायकल मिळायची, तिला घंटी असली तर ब्रेक नसायचा. उतारावर पाय उचलायचा आणि चप्पल पुढच्या चाकावर दाबायची. पुढे कळलं की इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावायचे. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली असं सांगतात. 1897 साली त्याने उद्योग काढला, तोच पुढे फेरोडो झाला. त्याला कारखाना मिळाला. मला झिजलेल्या चपलेबद्दल आईकडून पाठीत मिळालं.

रविवारी सकाळी पॅडचा डबा, जॅक आणि पाने घेऊन खाली उतरलो. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या, गाडी उचलली आणि नटाला पाना घातला. नट ढिम्म, चाक मात्र गरागरा फिरलं. हँडब्रेक मागच्या चाकांचा, पुढचं चाक अधांतरी! बँकेतून निवृत्त झालेले काका चटई घेऊन बसावं तसे समोर येऊन उभे होते. म्हणाले, “नट आधी सैल करतात, मग गाडी उचलतात.” गाडी उतरवली. नट सैल केले. गाडी उचलली. “आमच्या पद्मिनीला ड्रम होते,” काका म्हणाले, “बारा वर्षं हात लावला नाही.” त्या बारा वर्षांत रस्त्यावर असलेल्या लोकांची मला काळजी वाटली.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो डब्याच्या झाकणासारखा वर उघडतो. बोल्टने तासभर घेतला, झाकण अर्ध्या मिनिटात उघडलं. आतला जुना पॅड फुलक्याएवढा आणि हातातला नवा भाकरीएवढा. नवा बसेचना. पॅड जसजसा झिजतो तसतसा पिस्टन पुढे सरकत येतो. त्याला पुन्हा आत ढकलावं लागतं. सुताराकडून सी-क्लॅम्प आणून आवळायला लागलो. पिस्टन मुकाट्याने आत जात होता, मी खूश होतो.

“बॉनेटमधून काहीतरी गळतंय हं,” काका.

महिन्यापूर्वी ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून मीच मोठ्या हुशारीने काठोकाठ भरलं होतं. पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप उतरते. पिस्टन मागे गेला की ते सगळं ऑइल परत वर येतं. तसं ते आलं, आणि माझं ज्यादाचं सोबत घेऊन बाहेर पडलं. ब्रेक ऑइल रंग खातं. पाण्याच्या बादल्या ओतून मी गाडीला न्हाऊ घातलं. वॉचमनला वाटलं, काम संपलं.

पहिल्या चाकाला तीन तास लागले, दुसऱ्याला पंचवीस मिनिटं. विटा काढल्या, ऐटीत आत बसलो, दार ओढून घ्यायचंही भान नव्हतं. गाडी सुरू करून मागे घेतली आणि ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला! आमचं पार्किंग उताराचं, आणि उताराच्या टोकाला काकांची स्कूटर. डाव्या हाताने हँडब्रेक कसा ओढला गेला कोण जाणे. गाडी स्कूटरपासून वीतभर अंतरावर थांबली. उजवीकडे पाहतो तर दारातून माझा उजवा पाय बाहेर आलेला, आणि चप्पल जमिनीवर घट्ट दाबलेली.

“पंप मारला नाहीस वाटतं?” काकांनी विचारलं. मागे ढकललेला पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पेडल दहा-बारा वेळा दाबायचं असतं. पद्मिनीवाल्यांना हे ठाऊक होतं. मग मी दाबलं. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

सोमवारी ऑफिसातून आलो. फाटकाशी ब्रेक दाबला, गाडी लोण्यासारखी थांबली. चूं नाही. तीन जिने चढून कौतुकाच्या अपेक्षेने बेल वाजवली. हिने हातातलं पुस्तक न मिटताच दार उघडलं.

“अगं बाई, तू? आवाज नाही आला तुझा. थांब, आधण ठेवते.”