राधानगरीला घोडा फुटला

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी काठोकाठ भरलं की ते कुणी न सांगता आपोआप उघडतात. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाचं दर्शन आम्ही मालवणला जाता जाता गाडीतूनच घेतलं. पुढच्या चढाला आमच्या मारुती ८००ने तोच स्वयंचलित प्रकार स्वतः करून दाखवला.

बॉनेटमधून वाफ, काटा लाल रेघेपलीकडे, आणि शेजारून बायको, "अहो, ते पुस्तक तुम्हीच लिहिलंत ना?"

ते पुस्तक म्हणजे मी मराठीत आणलेली एका मोटारीची माहितीपुस्तिका. तीत मी शॉक अब्सॉर्बरचा 'आघातशोषक' केला, गिअरबॉक्सची 'दंतचक्रपेटी' आणि स्पार्क प्लगची 'स्फुल्लिंगखीळ'. असल्या माणसाला बॉनेट उघडायची कळ सापडत नाही. ती बायकोने ओढली.

मग माणसं जमली. मराठी माणूस स्वतःच्या गाडीला हात लावत नाही, पण दुसऱ्याच्या गाडीत डोकं घालायला मोटरसायकल थांबवतो. एकाने बॅटरी म्हटलं, एकाने अमावस्या. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्याने गावातले मिस्त्री पाठवले. गोणपाटात गुंडाळलेले पाने घेऊन त्यांच्यामागे बारक्या.

मिस्त्रींनी आत एकदाच पाहिलं. "हॉर्स पाइप फुटलाय."

होज पाइपला मी 'नम्य नलिका' लिहिलं होतं. तीत घोडा कुठून शिरला याचा विचार करतोय, तोवर बॉनेटखालून चौकशी सुरू झाली.

"तेल खाती का?"

बायको गप्प.

"पाणी किती पिती?"

बायको माझ्याकडे बघायला लागली.

"चढाला दमती का?"

"ती नाही, हे दमतात," बायको म्हणाली.

"बारक्या, बारा-तेरा!" बारक्याने मोजमाप न बघता पाना हातात ठेवला. "दहाची गोटी!" तीही आली. मी मदत करायची म्हणून डिस्ट्रिब्यूटरकडे बोट दाखवून विचारलं, यात काही बिघाड? "डेल्को झकास हाय," मिस्त्री म्हणाले. आता डेल्को म्हणजे अमेरिकेतल्या डेटन गावच्या एका कंपनीच्या नावाची आद्याक्षरं. आमच्या डिस्ट्रिब्यूटरचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं. स्टेपनीचंही तेच. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर १९०४च्या सुमाराला जादा चाकाचा धंदा निघाला, आणि ती गल्ली आज आपल्या डिक्कीत पडून आहे. हे मी मिस्त्रींना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या स्टेपनीत हवा न्हाई."

पाइपाचं फुटलेलं टोक त्यांनी एक्सा ब्लेडने कापलं, उरलेला ओढून परत बसवला आणि क्लिप आवळली. पाणी भरून गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या तोंडाशी डोळे लावून बसले. बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग गेलं. मीही बसलो. बुडबुडे नव्हते.

"ही सगळी नावं शिकलात कुठं?" मी विचारलं.

त्यांनी टोपी मागे सारली. भुवईच्या वर एक जुना, पांढरा व्रण होता. "ह्यो चौदा-पंधरा. उस्तादानं सोळा-सतरा मागितला हुता." मग म्हणाले, "ह्याला न्हाई मारत मी." बारक्या गाडीखाली होता, त्याने ऐकलं नसावं. चुकीचा शब्द लिहिल्याबद्दल माझ्या संपादकांनी मला आजवर फक्त चहा पाजलाय.

निघताना मिस्त्रींनी एका बिडीच्या पुडक्यावर हिशेब लिहिला: 'हारस पाइप मजुरी, किलिप १, पाणी फुकट.' शुद्धलेखनाच्या सवयीने हात शिवशिवला. बायकोने तो धरून ठेवला.

"कणकवलीत नवा पाइप घाला," मिस्त्री म्हणाले, "आन् म्होरचा शॉकप बसलाय डावा, तेबी बगा."

फोंडा घाटात दरी होती, जंगल होतं, धुकं होतं. ते मी पाहिलं नाही, माझे डोळे काट्यावर होते. निम्म्या घाटात पुढून खडखडाट सुरू झाला. मी घाबरून ब्रेक दाबला.

"डावा शॉकप आहे," बायको मासळीच्या खानावळींची यादी चाळत म्हणाली. "चालवा तुम्ही."