कळफलकावरचा क्लच

मोटारशर्यतीच्या संगणकीय खेळात खेळाडूला आरंभीच एक प्रश्न विचारला जातो, आणि तो वरवर यांत्रिक दिसत असला तरी मुळात सामाजिक आहे: गिअर गाडीने आपोआप बदलावेत, की खेळाडूने स्वतः बदलावेत? पहिल्या पद्धतीस ‘ऑटो’ आणि दुसरीस ‘मॅन्युअल’ म्हणतात. मॅन्युअलमध्येही क्लचविना आणि क्लचसह असे दोन पोटभेद असून, क्लचसह खेळणारा क्लचविना खेळणाऱ्यास नवशिका मानतो आणि ते दोघे मिळून ऑटोवाल्यास प्रवासी समजतात. ही उतरंड जन्मावर नव्हे तर बोटांवर ठरते, एवढाच तिचा पुरोगामीपणा. काझुनोरी यामाउची यांच्या ‘ग्रान तुरिस्मो’ने १९९७ मध्ये जपानमध्ये हा प्रश्न विचारला, तेव्हा तो मोटारशौकिनांपुरता असावा, आज तो कळंबोलीच्या सेक्टरांतील दहावी-बारावीच्या मुलांपर्यंत पोहोचला आहे, आणि त्याचे उत्तर देताना ‘ऑटो’ म्हणणाऱ्यास मित्रमंडळींत मान वर करून वावरता येत नाही.

या विद्येच्या अभ्यासास कळंबोलीइतके अनुकूल क्षेत्र क्वचितच सापडेल. मुंबईच्या दाटीतून बाहेर काढलेल्या लोखंड व्यापारासाठी सिडकोने येथे पोलाद बाजार वसवला, आणि लोखंड स्वतःच्या पायाने चालत नसल्यामुळे त्याच्यामागोमाग ट्रक, ट्रेलर, टायरची दुकाने, क्लच प्लेट बदलून देणारे कारागीर आणि चहाच्या टपऱ्याही आल्या. शीव-पनवेल महामार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता, न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा रस्ता आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे सर्व जेथे एकमेकांच्या अंगावर येतात, त्या कळंबोली सर्कलवर गिअर बदलण्याची क्रिया अहोरात्र चालू असते. अशा गावात सिडकोच्या ‘केएल’ वसाहतीतील लहानशा घरात बसून, प्रागच्या एका कंपनीने २०१२ मध्ये काढलेल्या ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या खेळातून जर्मनी-पोलंडची मालवाहतूक करणारा तरुण ही संशोधकांनी अवश्य दखल घ्यावी अशी घटना आहे. तो पडद्यावर बारा-बारा, सोळा-सोळा गिअर मोठ्या भक्तिभावाने बदलत असतो, आणि खिडकीखाली उभ्या असलेल्या खऱ्या ट्रकचा चालक रात्रभर दांडा ओढून अवघडलेला डावा खांदा दाबत झोपलेला असतो. हा तरुण खाली उतरून त्या चालकाला एखादी शंका विचारील, अशी अपेक्षा मात्र कोणी धरू नये, कारण त्या चालकाच्या ट्रकला सोळा गिअर नसतात आणि त्यामुळे त्याचे ज्ञान अद्ययावत मानता येत नाही.

शास्त्राचा गाभा थोडक्यात असा आहे. इंजिन काही ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच जोर देते. मिनिटाला होणाऱ्या या फेऱ्यांना ‘आरपीएम’ म्हणतात. गाडी मात्र शून्यापासून पुढे कोणत्याही वेगाने जाऊ इच्छिते, म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामधले दातेरी चाकांचे प्रमाण बदलत राहावे लागते, आणि हे बदलणे म्हणजेच गिअर टाकणे होय. पहिल्या गिअरमध्ये जोर पुष्कळ आणि वेग थोडा, वरच्या गिअरमध्ये वेग पुष्कळ आणि जोर थोडा, असा हा व्यवहार असून तो समजण्यास पदवीची आवश्यकता नाही. नवा मॅन्युअलवाला आरंभी डोळ्यांनी खेळतो, म्हणजे आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात कधी शिरतो याकडे टक लावून पाहतो आणि तेवढ्यात वळण येऊन कठड्यावर आदळतो. पुढे तो कानांनी खेळू लागतो, इंजिनाची किंकाळी विशिष्ट पट्टीला पोहोचली की बोट आपोआप कळ दाबते, आणि मग घरातील वडीलधाऱ्यांना ती किंकाळी ऐकवण्याचा त्याचा अधिकार सिद्ध झाला असे तो मानतो. वळणाआधी वेग उतरवताना एकेक गिअर खाली आणायचा असतो, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे खेचते (या परिणामास ‘इंजिन ब्रेकिंग’ म्हणतात) आणि वळण संपताच पुन्हा जोर हाताशी राहतो. ऑटोचा दोष येथेच उघड होतो: त्याला पुढचे वळण दिसत नाही, त्याला फक्त चालू क्षणाचा काटा दिसतो, त्यामुळे तो नको तेव्हा वरचा गिअर टाकून मोकळा होतो. भविष्याचा विचार न करता तात्कालिक आकड्यांवर निर्णय घेणारी यंत्रणा म्हणून ऑटोची ही निंदा मॅन्युअलवाले करतात, तेव्हा ती केवळ मोटारींपुरती मर्यादित ठेवण्याचे सौजन्य ते दाखवतात.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी यांना क्षणभर एकमेकांपासून सोडवणारी चकती. काही खेळांत क्लचची कळ स्वतः दाबणाऱ्याचा गिअर लवकर पडतो, कारण संगणकाने दाबलेल्या क्लचला मुद्दाम थोडा उशीर लावलेला असतो. कष्ट करणाऱ्यास तात्काळ फळ देण्याचे हे धोरण वास्तवात कोठेही राबवले जात नसल्यामुळे त्याचे आकर्षण विशेष. ज्या जुन्या ट्रकांच्या गिअरपेटीत दात्यांचा वेग जुळवून घेणारी सिंक्रोमेशची सोय नव्हती, त्यांच्या चालकांना एकाच गिअरसाठी क्लच दोनदा दाबावा लागे, म्हणजे ‘डबल क्लच’ करावा लागे. त्यांनी वर्षानुवर्षे जे निमूटपणे केले, त्याची पडद्यावरील आवृत्ती करणाऱ्यास आता प्रेक्षक लाभतात, ही काळाची गती होय.

तथापि या विद्येत एक मोठी उणीव आहे, ती म्हणजे ‘हाफ क्लच’. क्लच अर्धवट दाबून गाडी ना धड चालू, ना धड थांबलेली अशा अवस्थेत पुढे सरकवणे याला हाफ क्लच म्हणतात, आणि कळंबोली सर्कलवर संध्याकाळी वाहन चालवण्याच्या कलेपैकी जवळजवळ सर्व भाग याच एका क्रियेत सामावलेला आहे. पुढे कंटेनर, डावीकडे एसटी, उजवीकडून उलट्या दिशेने येणारी रिक्षा आणि मधून हेल्मेट कोपरात अडकवलेला दुचाकीस्वार, अशा परिस्थितीत पाचव्या-सहाव्या गिअरचा संबंध केवळ दांड्याच्या मुठीवर कोरलेल्या आकड्यांपुरता उरतो. ताशी तीनशे किलोमीटर वेगाचे खेळ बनवणाऱ्या जगभरच्या निर्मात्यांपैकी कोणी ताशी तीन किलोमीटरचा खेळ बनवण्याचे धाडस केले, तर त्याच्या अंतिम पातळीसाठी कळंबोलीचा विचार व्हावा. त्या खेळात क्लच प्लेट जळल्याचा वास आणि मागच्या ट्रकचा हॉर्न एवढी दोनच बक्षिसे ठेवली तरी पुरे.

परवान्याच्या बाबतीत खेळ हा वास्तवापेक्षा कर्मठ ठरतो. पहिल्या ‘ग्रान तुरिस्मो’तच खेळाडूला बी, ए आणि आंतरराष्ट्रीय ए अशा परवाना-परीक्षा द्याव्या लागत, त्यांत आखलेल्या चौकटीत गाडी थांबवण्यापासून एकेक वळण वेळेत पार करण्यापर्यंतची कसोटी असे, आणि सेकंदाच्या अंशाने चुकल्यास पुन्हा आरंभ करावा लागे, तेथे ओळखीचे कोणी नसे आणि एजंटही नसे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधरावा नियमही वाचावयास कमी कडक नाही: उतारावर त्वरेने खालचा गिअर टाकता यावा, आणि तीव्र चढावर थांबलेली गाडी मागे न घरंगळता पुन्हा चालवता यावी, अशा अपेक्षा त्यात नमूद आहेत. सखल भागावर वसवलेल्या कळंबोलीत तीव्र चढ शोधावयाचा तर उड्डाणपुलाखेरीज पर्याय नाही, आणि तेथे परीक्षा घेतल्यास उमेदवारापूर्वी वाहतूकच नापास होईल. शिवाय मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी असते, त्यामुळे शिकाऊ उमेदवार ज्या गाडीला मॅन्युअल समजतो ती वस्तुतः ऑटो असून, तिची स्वयंचलित यंत्रणा डाव्या आसनावर बसून मोबाईल पाहत असते.

एवढ्यावरून खेळाडूची विद्या सर्वस्वी निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल, आणि येथे विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. कळंबोलीहून निघालेला द्रुतगती मार्ग खोपोलीनंतर बोरघाट चढतो, आणि तोच घाट मुंबईकडे येताना उतरावा लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही चालकांमधील जुनी शिकवण आहे. तरीही डिझेल वाचवण्याच्या आशेने गाडी न्यूट्रलवर, म्हणजे इंजिन आणि चाके यांचा संबंध तोडून, सोडून देणारे चालक आहेत. अशा वेळी मालासकट सगळे वजन एकट्या ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. इंजिनच बंद केले असेल तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो. गंमत अशी की आधुनिक इंजिनात गिअरमध्ये राहून पाय उचलल्यास इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यासाठी ते जळतच राहते, म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावला ती बचतही होत नाही. ही गोष्ट पडद्यावर वळणाआधी गिअर उतरवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या बोटांना ठाऊक असते. त्याला बोरघाटात ट्रक द्यावा असे कोणी म्हणणार नाही. पण भाड्याचा दर आणि डिझेलचा खर्च यांच्या कात्रीत चालकाला सोडून देणाऱ्या वाहतूक व्यवसायाने तेवढे ज्ञान स्वस्तात मिळत असल्याची नोंद घेण्यास हरकत नव्हती.

दरम्यान ज्यांच्या हाती खरा दांडा आहे ते त्यापासून सुटका शोधत आहेत. मारुतीने २०१४ मध्ये ‘सेलेरिओ’द्वारे आपोआप क्लच दाबणारी स्वस्त यंत्रणा आणल्यापासून, पुण्याहून परतताना सर्कलवर गुडघा दुखलेल्या मध्यमवर्गाने ऑटोकडे मोर्चा वळवला आहे; वडील हप्ते भरून ऑटो घेतात आणि मुलगा त्याच घरात ऑटोला तुच्छ मानतो, हा पिढ्यांमधील संघर्ष साहित्यात अद्याप यावयाचा आहे. विजेवरच्या मोटारींना तर बहुधा एकच गिअर असतो, त्यामुळे वाद मिटावयास हवा होता. परंतु ह्युंदाईने २०२३ मध्ये ‘आयोनिक ५ एन’ ही अशी विद्युत मोटार सादर केली की जिच्यात नसलेले आठ गिअर बदलल्याचा भास, धक्का आणि आवाज यांसह निर्माण केला जातो. पडद्यावरचे सोंग अशा रीतीने रस्त्यावर उतरले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ दुचाकींची ‘गिअरसह’ आणि ‘गिअरविना’ अशी वर्गवारी करतो, चारचाकींची करत नाही. त्यामुळे नसलेले गिअर स्वतःच्या हाताने बदलणाऱ्यास कोणता परवाना द्यावा, हा प्रश्न निदान तूर्तास कोणत्याही टेबलावर प्रलंबित राहणार नाही.