परिक्रमाचा तो सोनम हो!

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणापाशी या ना, तिकडे भाभी गच्चीवर कपडे वाळत घालतायत. त्यांच्याच चिरंजिवांनी म्हणे आयआयटीच्या कोचिंगला रामराम ठोकला! आणि हातात काय, तर गिटार. काल किटीत बिचारीच्या पुढ्यातले छोले तसेच राहिले हो... त्यात आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई गप्प बसतील होय? सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गिटार से घर चलता है क्या?"

मग मीही सोडलं नाही. म्हटलं, अहो, परिक्रमा या रॉक बँडचा सोनम शेर्पा विसरलात वाटतं? परवापरवापर्यंत सांगत होतात ना, कॉलेज फेस्टला त्याच्या सोलोवर नाचून नाचून चप्पल तुटली म्हणून! बाईंचं तोंड एवढंसं झालं.

तर काय सांगत होते... हां, सोनम. दार्जिलिंगकडचा डोंगरातला मुलगा, पण बँड उभा राहिला आपल्या दिल्लीत, १९९१ च्या जूनमध्ये. लीड गिटार त्याच्याकडे. पुढे त्यांनी रॉकच्या जोडीला तबला, मृदंगम्, व्हायोलिन बसवलं. आमच्या ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, पण तबला सुरू झाला तशी ह्यांचीच बोटं ताटाच्या कडेवर! आणि त्यांचं 'बट इट रेन्ड'... काश्मीरमधल्या अपहरणांवरचं ते गाणं. तरणी पोरं नाचायला जमायची आणि त्या गाण्याला गप्प व्हायची.

बरं, एवढं नाव, पण अल्बम काढलाच नाही हो. गाणी इंटरनेटवर फुकट, घ्या म्हणाले! कमाई स्टेजवरून. २००७ च्या मार्चमध्ये बंगळूरला आयर्न मेडन बँडच्या आधी हेच वाजवायला उभे, आणि जूनमध्ये थेट इंग्लंडला, डाउनलोड फेस्टिव्हलला. पुढे सोनमने पोरांना शिकवलंही. म्हणजे घर चालतं की नाही, तुम्हीच सांगा!

आणि मग २०२०, १४ फेब्रुवारी... सोनम गेला हो, हार्टचंच. अठ्ठेचाळीस म्हणजे काय जायचं वय झालं का हो? इथे पोरं गुलाब घेऊन फिरतायत आणि मोबाइलवर ती बातमी. पुढच्याच महिन्यात लॉकडाउन, सगळी स्टेजं बंद. पण बँड मोडला नाही हं, अजून वाजवतात.

हे सगळं मी किटीत सांगितलं, तर भाभी हळूच म्हणाल्या, "बच्चे को कम से कम बारहवीं तो करनी चाहिए ना?" म्हणजे बघा, गाडी कुठून कुठे आली! आणि खरी गंमत तर पुढेच. सेक्रेटरीबाईंच्या माळ्यावर म्हणे त्यांच्या मिस्टरांची जुनी गिटार आहे, तारा तुटलेली. ती भाभींच्या मुलाला देऊन टाकायची म्हणतायत, पण नवऱ्याला न सांगता...

अगंबाई, भाभी इकडेच बघतायत. दह्याचं विचारत होते म्हणा हं!